कोल्हापुरात गुलाब आणि त्याची सोबतीण झाडं: शिवरात्रीपासून मृगापर्यंत काय करायचं, कशानंतर करायचं

डिसेंबर-जानेवारीत झाड फुलांनी लगडलेलं असतं आणि मार्च उजाडला की तक्रारी सुरू होतात. कळ्या अर्धवट उमलून वाळतात, पानं वरून तांबूस होतात, फांदी टोकाकडून काळी पडत खाली येते. मग कुणी दुप्पट खत घालतं, कुणी झाड बुडापर्यंत छाटतं, कुणी सकाळ-संध्याकाळ पाण्याचा पाइप लावून ठेवतं. झाडाला फार काही झालेलं नसतं, या उपायांनी मात्र होतं.

यामागे एक ठराविक गैरसमज आहे. ‘वसंत आला, गुलाब कडक छाटा, भरपूर खत द्या’ हा सल्ला थंड मुलखातला आहे. तिथे गुलाब हिवाळाभर झोपलेला असतो आणि वसंतात जागा होतो. आपल्याकडे तो थंडीतच सगळ्यात जास्त काम करतो. आपली मोठी छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. फुलं त्यानंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी. शिवरात्रीनंतर येतो तो उन्हाळा. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्यामुळे फेब्रुवारीतल्या रात्री गार आणि दुपारी चटका, असा महिनाभर खेळ चालतो. पुढे कोरडं ऊन, मग पाडव्यापासून पुढे केव्हाही वळीव, सोबत वारा आणि कधी गारा. या तिन्हींसाठी कामं वेगवेगळी आहेत आणि त्यांचा क्रम चुकला की केलेलं काम उलटतं.

सण दरवर्षी मागेपुढे होतात, म्हणून खाली दिलेल्या वेळांबरोबर हवाही बघा. पहाटे अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटतंय तोवर पहिल्या तीन टप्प्यांची मुदत आहे.

टप्पा १: माती बघा, सामान आधी जमवा

नदीकडच्या भागात आणि शहराच्या बऱ्याच जुन्या परड्यांत काळी, चिकण माती आहे. पन्हाळा, राधानगरीच्या बाजूला तांबडी, जांभ्याची. काळी माती पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगाळते. भेग रुंदावताना गुलाबाची बारीक मुळं अक्षरशः तुटतात. तांबड्या मातीतून पाणी आणि खत दोन्ही लवकर निघून जातं. शेजारणीच्या झाडाला आठवड्यातून दोनदा पाणी पुरतं म्हणून तुमच्याही पुरेल, असं नाही.

आधी वाफसा, म्हणजे खुरपणीजोगा ओलावा, ओळखायला शिका, पुढची निम्मी कामं त्यावर अवलंबून आहेत. खोडापासून वीतभर लांब खुरप्यानं चार बोटं खोल उकरा. वरची पापडी सोडून खालची माती मुठीत दाबा. लाडू वळला पाहिजे आणि अंगठ्यानं ढकलला की तो फुटला पाहिजे. लाडू वळलाच नाही तर पाणी कमी. वळला पण अंगठा आत रुतला, बोटांना चिकट लेप राहिला, तर पाणी जास्त आहे. अशा मातीत खुरपणी करू नका, ढेकळं होतात आणि ती विटेसारखी वाळतात.

सामान फेब्रुवारीतच आणा. धार असलेलं सिकेटर (छाटणीची कात्री), दोन वर्षं मुरलेलं शेणखत, निंबोळी पेंड, बोनमील, कॉपर ऑक्सिक्लोराइडची पुडी, काठ्या, सुतळी, तरटाची दोन-चार रिकामी पोती. आणि मुख्य म्हणजे उसाचं पाचट. गळीत हंगाम चालू आहे तोवर ते मागाल तेवढं मिळतं. हंगाम संपला की शेतातलं पाचट एकतर कुजवलेलं असतं नाहीतर पेटवलेलं. दोन-तीन भारे आणून आडोशाला कोरडे ठेवा.

साखर कारखान्याची मळी (रस गाळून उरलेला गाळ, प्रेसमड) मिळते म्हणून थेट आळ्यात ओतू नका. ताजी मळी कुजताना तापते आणि मुळं भाजते. हात घातल्यावर गार लागेल, वास मातीसारखा येईल, अशीच मळी वापरा.

टप्पा २: हलकी छाट, तीही एकदाच

वेळ शिवरात्रीच्या आसपास, दिवस ढगाळ असेल तर उत्तम. उद्देश फक्त स्वच्छतेचा.

मेलेल्या, काळ्या पडलेल्या काड्या हिरव्या-पांढऱ्या निरोगी गाभ्यापर्यंत कापा. कापल्यावर मध्यभाग तपकिरी दिसला तर आणखी बोटभर खाली जा; तपकिरी गाभा ठेवून लेप लावलात तर फांदीमर लेपाखालून पुढे सरकत राहते. उमलून गेलेलं फूल पाच पर्णिकांच्या, बाहेर तोंड केलेल्या पहिल्या पानाच्या वर कापा. एकमेकींना घासणाऱ्या दोन फांद्यांतली बारीक काढा. बस, एवढंच. झाडाच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त काही जाता कामा नये.

पानं ठेवायची ती सावलीसाठी. मार्च-एप्रिलमध्ये उघड्या पडलेल्या फांदीची पश्चिमेकडची साल करपते, चिरते आणि तिथूनच बुरशी शिरते. शिवाय कडक छाटणीनंतर येणारा कोवळा लाल फुटवा नेमका कोरड्या उन्हात सापडतो.

कापलेल्या प्रत्येक जाड टोकाला कॉपर ऑक्सिक्लोराइडची पाण्यात कालवलेली दाट पेस्ट लावा. बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) बनवता येत असेल तर तीही चालते. हळद लावणारे बरेच आहेत. लावा, पण जाड फांदीवर तिच्या भरवशावर राहू नका. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सिकेटर डेटॉलच्या किंवा स्पिरिटच्या फडक्यानं पुसा.

*तपासा:* कलमाच्या गाठीच्या खालून फुटवा आला आहे का? त्याचा रंग फिकट, पान बारीक, काटे वेगळे दिसतात. तो खुंटाचा फुटवा. वरून छाटलात तर दुप्पट जोमानं येतो. माती बाजूला करून मुळाशी शोधा आणि खाली ओढून उपटून काढा. ‘झाडाचा रंग बदलला, लाल गुलाबाला पांढरी-गुलाबी झुपक्यांची फुलं यायला लागली’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

टप्पा ३: उन्हाळ्याआधीचं शेवटचं मोठं खत

छाटणीनंतर आठ-दहा दिवसांनी, रात्री अजून गार असताना. क्रम असा ठेवा:

१. आदल्या दिवशी आळं भरून पाणी.
२. दुसऱ्या दिवशी वाफसा आल्यावर खोडापासून वीतभर सोडून हलकी खुरपणी, दोन बोटांपेक्षा खोल नाही.
३. जमिनीतल्या मोठ्या झाडाला २ ते ३ किलो शेणखत, १०० ग्रॅम निंबोळी पेंड, ५० ग्रॅम बोनमील. १२ ते १४ इंची कुंडीला दोन ओंजळी शेणखत, एक मूठ पेंड, एक चमचा बोनमील.
४. मातीत मिसळून पुन्हा पाणी.

सुक्या मातीत खत, तेही रासायनिक, ही सगळ्यात महाग पडणारी चूक. मुळांभोवतीचं क्षारांचं प्रमाण एकदम वाढतं, पाणी मुळातून उलटं बाहेर ओढलं जातं आणि पानांच्या कडा जळतात. लोक त्याला ऊन लागलं म्हणतात. पाडव्यानंतर जमिनीतून युरिया तर अजिबात नको. कोवळी, रसरशीत पालवी म्हणजे मावा आणि फुलकिड्यांना आमंत्रण.

नवीन पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं दिसत असेल तर खत कमी पडलेलं नाही. काळ्या, चुनखडीयुक्त मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, तेव्हा असं होतं. बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. चिलेटेड लोह लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी, दहा दिवसांच्या अंतरानं दोन फवारण्या. खिळे पुरून काही होत नाही.

आणि हो, गुळाचं पाणी. आपण कोल्हापूरचे, गुळावर आपला जीव, हे मान्य. जीवामृतात गूळ असतो तो जिवाणूंना खाद्य म्हणून आणि तो आंबून संपलेला असतो. नुसतं गूळपाणी किंवा साखरेच्या चहाचा चोथा कुंडीत टाकलात की मुंग्या येतात, मुंग्या मावा आणि खवले कीड सांभाळतात, आणि मग ‘कीड कुठून आली’ हे शोधत बसावं लागतं.

भुरीचा बंदोबस्त इथेच करा

गार रात्र आणि उबदार कोरडा दिवस हे भुरीचं आवडतं हवामान. कोवळी पानं मुडपतात, कळीच्या देठावर पांढरी पूड दिसते. सुरुवात असेल तर सकाळी साध्या पाण्यानं पानं धुतली तरी फरक पडतो, कारण भुरीचे बीजाणू ओल्या पानावर नीट रुजत नाहीत. जास्त असेल तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम.

*सावधान:* दुपारचं तापमान ३२ अंशांच्या वर जायला लागलं की गंधक बंद. पानं भाजतात. नीम तेल मारलं असेल तर त्याच्या आगेमागे दोन आठवडे गंधक नको. दोन्ही ‘सेंद्रिय’ आहेत म्हणून एकत्र मारणारे फार आहेत आणि आठवड्याभरात पानगळ घेऊन बसतात.

टप्पा ४: पाचटाचं आच्छादन, पण योग्य दिवशी

आच्छादन सगळे घालतात, फक्त कोरड्या मातीवर घालतात. मग वरून दिलेलं थोडं पाणी पाचटच पिऊन टाकतं आणि माती आत कोरडीच राहते.

आधी भेगा भरा. बारीक माती आणि शेणखत समप्रमाणात घेऊन भेगेत सोडा, काठीनं हलकेच खाली सारा. मग आळं भरून पाणी. दुसऱ्या दिवशी वाफसा आला की पाचट. कोयत्यानं वीतभर तुकडे केलेत तर नीट बसतं, वाऱ्यानं उडत नाही. थर तीन ते चार इंच. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी. खोडाला टेकलेलं पाचट वळवानंतर ओलं राहतं आणि कलमाची गाठ कुजते.

पाचट मातीत मिसळू नका. कुजताना ते मातीतला नत्र ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं. वरच राहू द्या. पाचट नसेल तर भुईमुगाची टरफलं, नारळाच्या शेंड्या, वाळका पाला, काहीही चालेल. गवताची कापणी वापरत असाल तर बी धरण्याआधीची.

आठवड्यातून एकदा एक कोपरा उचलून बघा. मातीचे बारीक बोगदे दिसले तर वाळवी. तेवढं पाचट काढा, जागा दोन दिवस उघडी ठेवा, पेंड पसरा. आणि गच्चीवर पाचट असेल तर तिथे विडी-काडी, फटाका, निखारा काही नको; एप्रिलमध्ये ते भुरकन पेटतं.

टप्पा ५: सोबतीची झाडं काढणं आणि लावणं

हा टप्पा बहुतेक जण उलटा करतात. गुलाबाच्या आळ्यात थंडीतली पिटुनिया, फ्लॉक्स, डॉग फ्लॉवर मार्च अखेरपर्यंत ‘अजून दोन फुलं आहेत’ म्हणून ठेवतात. ती झाडं तोवर म्हातारी झालेली असतात, त्यांच्यावर मावा आणि कोळी वाढतात आणि ती वाळली की सगळं गुलाबावर सरकतं. रंगपंचमीच्या आसपास काढून टाका. उपटू नका, मातीलगत कापा. गुलाबाची वरची मुळं त्यांच्या मुळांत गुंतलेली असतात.

झेंडूबद्दल थोडं खुलासेवार. ‘गुलाबाजवळ झेंडू लावा, कीड येत नाही’ हे अर्धंच खरं. झेंडूची मुळं मातीतल्या सूत्रकृमींना आवर घालतात, पण त्यासाठी तो त्या जागेत काही महिने वाढावा लागतो. कोरड्या उन्हाळ्यात मात्र झेंडूवर लाल कोळी इतका माजतो की जाळी दिसायला लागते. म्हणून पाडव्याच्या आत झेंडू बाहेर. पुन्हा लावायचा तो पावसावर, दसऱ्याच्या हिशोबानं.

काय ठेवायचं? कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची दोन-चार झाडं फुलावर जाऊ द्या. त्यांची बारीक छत्रीसारखी फुलं मावा खाणाऱ्या माशांना आणि किडींवर जगणाऱ्या छोट्या गांधीलमाश्यांना मकरंद देतात. ढालकिडे तिथेच दिसतील. ही झाडं वाळेपर्यंत उपटण्याची घाई नको.

आता उन्हाळ्यासाठी नवीन लावायचं. जमिनीलगत पोर्चुलाका, म्हणजे आपलं ऑफिस टाइम. मुळं उथळ, पाणी कमी पितं, माती झाकतं. कडेला गलांडा, बटण फूल, सदाफुली. केशरी कॉसमॉस वळवाच्या सरीवर आपोआप उगवतो, तोही असू द्या. गुलाबाच्या खोडापासून किमान एक फूट, शक्यतो दीड फूट अंतर. आळ्याच्या आत काही नको. पुदिना जमिनीत अजिबात लावू नका. कुंडीत ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी पुदिन्याची बाग होईल.

जागा असेल तर पश्चिमेच्या बाजूला, गुलाबापासून एक मीटर सोडून, शिवरात्रीला मक्याची एक ओळ टोका. एप्रिलच्या मध्याला ती उभी राहते, दुपारनंतरचं ऊन अडवते आणि वाऱ्याबरोबर येणाऱ्या बारीक किडीलाही थोडा अडसर होतो. मीटरभर अंतर यासाठी की वळवाच्या वाऱ्यात मका आडवा झाला तर गुलाबावर पडू नये. भेंडी लावू नका. पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, कोळी, सगळे तिच्यावर येतात.

मोगरा गुलाबाचा सोबती म्हणून चांगला, पण त्याला भर ऊन लागतं आणि तो पसरतो. वेगळ्या आळ्यात, तीन फुटांवर.

टप्पा ६: पाणी आणि सावली

सकाळी आठच्या आत. मोठ्या झाडाला एका वेळी ८ ते १० लिटर, सावकाश. काळ्या मातीत आच्छादन असेल तर एप्रिलमध्ये तीन-चार दिवसांतून एकदा पुरतं, तांबड्या मातीत एक दिवसाआड. कुंडीला रोज, आणि चटका असेल त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा. पण दर वेळी आधी मातीत बोट घालून. रोज तांब्याभर पाणी देण्यापेक्षा तीन दिवसांनी बादलीभर दिलेलं बरं. थोडं पाणी मुळांना वरच्या तापलेल्या थरात बोलावतं.

दुपारी दोन वाजता झाडानं मान टाकली म्हणजे तहानच लागली असं समजू नका. मुळं जेवढं उचलतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून जातंय, एवढाच त्याचा अर्थ. संध्याकाळी सहाला बघा. मान उचललेली असेल तर ठीक. सकाळीही मान टाकलेली असेल तर मातीत हात घाला: कोरडी असेल तर पाणी, ओली असेल तर मुळं कुजताहेत आणि पाणी बंद करायचं.

गच्चीवरच्या मंडळींची अडचण वेगळी. कोबा दुपारी तापतो आणि कुंडीतली माती खालून शिजते. कुंड्या विटांवर ठेवा, एकमेकींना चिकटवून ठेवा, पश्चिमेकडच्या रांगेला ओलं तरट गुंडाळा. काळी प्लॅस्टिकची कुंडी असेल तर ती मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत पाचट किंवा वाळू भरा.

शेडनेट ५० टक्क्यांचं घेऊ नका. गुलाबाला दिवसाचं पाच-सहा तास ऊन लागतंच. दाट सावलीत काड्या लांबतात आणि फुलं येत नाहीत. ३५ टक्के पुरे, तेही फक्त पश्चिमेकडून आणि वरून, सकाळची पूर्व मोकळी. बांधताना एका बाजूला सुरगाठ मारा, म्हणजे ओढली की नेट खाली येईल. कारण टप्पा ८ मध्ये आहे.

एप्रिलमध्ये फुलं लहान आणि फिकी येणारच. काळपट लाल जातींच्या पाकळ्यांच्या कडा करपतात. आइसबर्गसारख्या पांढऱ्या, सुट्या पाकळ्यांच्या जाती या दिवसांत बऱ्या दिसतात. वर्षाच्या आतल्या झाडांच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडून टाका. जीवावर येतं, पण झाड मुळांवर खर्च करतं.

टप्पा ७: पांढऱ्या कागदाची तपासणी

दर तीन दिवसांनी, सकाळी, एक पांढरा कागद घेऊन बागेत जा. रंग दिसायला लागलेली कळी कागदावर वाकवा आणि बोटानं तीन-चार टिचक्या मारा. कागदावर जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या पिवळट-तपकिरी रेघा पडतील. क्षणभर थांबा. त्यातल्या काही पळायला लागल्या तर ते फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. कळी न उमलता तपकिरी होणं, पाकळीच्या कडेला पांढरट-तांबूस चट्टे, हे त्यांचंच काम.

मग पानाच्या खालच्या बाजूवरून कागद हलका घासा. तांबूस-लाल ओरखडा उमटला तर लाल कोळी. वरून पान धुळकट, बारीक ठिपक्यांचं दिसतं.

फुलकिड्यांसाठी: लागण झालेल्या कळ्या आणि जुनी फुलं काढून पिशवीत बांधून फेका, आळ्यात टाकू नका. झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर निळे चिकट सापळे लावा. नीम तेल लिटरला ५ मिली, अर्धा चमचा पातळ साबण घालून, सूर्य कलल्यावर, आठवड्यानं दोन-तीन वेळा. किडे कळीच्या आत असतात, त्यामुळे कळ्या न काढता नुसत्या फवारणीवर विसंबलात तर बाटली संपेल, किडे राहतील.

कोळ्यासाठी: सकाळी पाइपच्या जोराच्या धारेनं पानं खालून धुवा, दोन दिवसाआड, आठ-दहा दिवस. उन्हात कोळ्याची पिढी आठवड्याभरात तयार होते, म्हणून एकदा धुवून भागत नाही.

*सावधान:* कोळी दिसला की घरात असलेलं कुठलंही जहाल कीटकनाशक मारायचं नाही. सायपरमेथ्रीनसारख्या औषधांनी कोळ्याला खाणारे मित्रकिडे मरतात आणि पंधरवड्यात कोळी पूर्वीपेक्षा वाढतो. आणि ज्या झाडाची फुलं देवाला, वेणीला किंवा गुलकंदाला जातात, त्यावर रासायनिक फवारणीच नको.

टप्पा ८: वळवाच्या आधी

जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवसांत दुपारनंतर ढग उभे राहायला लागले की ही कामं झालेली असली पाहिजेत.

उंच फांद्यांना काठीचा आधार द्या. सुतळी आठच्या आकड्यासारखी बांधा, फांदी काठीला घासता कामा नये. काठी रोवायची ती मुळं फोडून नाही. खोडापासून वीतभर दूर, तिरकी. आळ्याला उताराच्या बाजूनं एक छोटी वाट फोडून ठेवा आणि ती ढेकळानं बंद करा. मोठी सर आली की ढेकूळ काढलं की झालं. कुंड्यांची भोकं काडीनं मोकळी करा, खालच्या ताटल्या काढून टाका.

अंधारून आलं, वारा पडला, की शेडनेट सोडा. नेटमध्ये गारा साठल्या की ती ओझ्यानं झाडांवर बसते आणि गारांनी झालं नसतं एवढं नुकसान नेट करते. उमललेली आणि उमलायच्या बेतातली फुलं कापून घरात आणा. भरगच्च पाकळ्यांच्या कळ्या भिजल्या की बाहेरच्या पाकळ्या चिकटतात आणि कळी तशीच कुजते.

टप्पा ९: वळवानंतरचे दोन दिवस

पहिल्या तासात: कुंड्या तिरक्या करून साठलेलं पाणी काढा, आळ्याची वाट उघडा, फांद्या हलवून पानांवरचं पाणी झटका. पानावरच्या काळ्या ठिपक्यांचा रोग (ब्लॅक स्पॉट) व्हायला पान सलग सात तास ओलं राहावं लागतं. संध्याकाळी सातला पडलेला पाऊस रात्रभर पानावर राहतो, म्हणून तो दुपारच्या पावसापेक्षा घातक. संध्याकाळी पानांवर पाणी मारण्याची सवयही याच कारणानं सोडायची.

ओल्या काळ्या मातीत पाय घालू नका. एक पाऊल पडलं की तिथली हवा निघून जाते आणि सुकल्यावर तो गठ्ठा फुटत नाही. जायचंच असेल तर फळी टाका.

दुसऱ्या दिवशी सकाळी: मोडलेल्या फांद्या निरोगी डोळ्याच्या वर तिरक्या कापून लेप लावा. गारांनी सालीवर जखमा झाल्या असतील तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २ ते ३ ग्रॅम, पानं कोरडी झाल्यावर. वाऱ्यानं झाड हललं असेल तर खोडाभोवती गोल पोकळी दिसते. वाफसा आल्यावर त्यात कोरडी माती भरून टाचेनं नाही, मुठीनं दाबा. पाचट खोडाला सरकलं असेल तर मागे ओढा.

खत नको. वळवानंतर झाड आपोआप फुटतं. त्यात खताची भर घातलीत की लुसलुशीत फुटवा येतो आणि दोन दिवसांनी पुन्हा पडणाऱ्या चटक्यात सुकतो. आठ-दहा दिवस थांबा, मग हवं तर १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशचं विरघळणारं खत) लिटरला ३ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर. आणि एक सर पडली म्हणून पाणी बंद करू नका. दहा मिनिटांच्या वळवानं वरची दोन बोटं भिजतात, खालचं कोरडंच असतं. खुरप्यानं उकरून बघा.

टप्पा १०: रोहिणी ते मृग

२५ मेच्या सुमारास रोहिणी लागते, ७-८ जूनला मृग. आता उलटी तयारी.

पाचट अर्धं करा. पावसात जाड थर ओला राहतो, गोगलगायी येतात. काढलेलं पाचट कंपोस्टच्या ढिगावर टाका. शेडनेट गुंडाळून ठेवा. आळं मोडून माती खोडाकडे उंच करा, कलमाची गाठ मातीच्या दोन इंच वर राहील एवढंच. गळलेली, ठिपकेवाली पानं वेचून बाहेर. ती आळ्यात राहिली की पावसात तिथूनच रोग वर चढतो. सुकलेल्या काड्या काढा, बाकी काही छाटू नका.

मार्चमध्ये फुलं बघून पिशवीतलं कलम घेतलं असेल आणि ते अजून तसंच असेल, तर घाबरू नका, ते बरंच केलंत. त्या पिशवीत बहुतेक तांबड्या चिकण मातीचा घट्ट गोळा असतो आणि तो उन्हाळ्यात फोडला की झाड जातं. तोवर पिशवी अर्ध्या सावलीत ठेवा. वरून पाणी आत जात नसेल तर आठवड्यातून एकदा बादलीत पिशवी बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मृगाच्या दोन-तीन सरी पडून माती गार झाली की वीतभर उंच वरंब्यावर लावा, गोळा न फोडता, फक्त बाहेरून बोटांनी खरवडून. जुलैची झड लागायच्या आत त्याला मूळ धरायला तीन-चार आठवडे मिळतात.